मागितला होता उजवा

लग्नाचा पांढरा झगा शिवावा तर म्हातारीनेच, असा तिचा बोलबाला होता. दुसऱ्या शिंपिणीचं नाव तिच्यासमोर काढणाऱ्याची धडगत नसे. आणि एका सकाळी तिचाच उजवा हात लुळा पडला. अर्धवट बाही मांडीवर, हात नुसता लाकूड.

चर्चचे पाळकसाहेब प्रार्थनेला आले. म्हणाले, "आजी, देवाची कृपा कमवायची नसते, नुसती घ्यायची असते."

"फुकटची मी सुईसुद्धा घेतली नाही कुणाची," म्हातारी म्हणाली. "त्याच्या वेदीवरची कापडं जन्मभर शिवलीत. माझा हात तेवढा परत करायला सांगा."

देवाने हात पाठवला. पण सुनेचा, आणि तोही डावा.

आपल्या मुलाला माती दिली त्याच आठवड्यात 'डावखुरी, पांढऱ्या पायाची' म्हणून म्हातारीने जिला घराबाहेर काढलं होतं, ती हीच. बातमी ऐकून आली आणि सरळ बाही उचलून बसली.

"काय हवंय? दुकान?"

"नको."

"मग माझे हाल बघायला आलीस."

"झगा शनिवारी द्यायचाय ना, आई? जरा सरका, उजेड अडतोय."

शिव्या दिल्या असत्या तर म्हातारीने सव्याज परत केल्या असत्या. ह्याला काय द्यायचं ते तिला कळेना. दिवसभर ती खोट शोधत बसली. टाके तिच्याच टाक्यांसारखे बारीक होते, फक्त उलट्या अंगाला कललेले. ते तिच्याखेरीज कुणाला दिसणार नव्हतं.

शनिवारी नवरीची आई आली. तिने बाहीवरून बोट फिरवलं. "हात गेला म्हणत होते लोक तुमचा. जळतात मेले. हा टाका दुसऱ्या कुणाला जमलाय?"

सून खाली बघून दोरा गुंडाळत राहिली. ती जन्मात बोलणार नाही, हे म्हातारीने ओळखलं. आपण गप्प बसलो की आपलं नाव शाबूत, हेही. जिला हाकललं, तीच आपली अब्रू आपल्या पदरात घालत होती.

"टाका माझा नाही," ती म्हणाली. "हात गेलाय ते खरं आहे. सुनेने शिवलंय."

"कुठल्या सुनेने?"

"एकच आहे मला. हाकलली होती, ती."

नवरीच्या आईचा चेहरा उतरला. मघाच्याच बाहीत ती आता वाकून वाकून चुका शोधू लागली. धाकट्या मुलीचा झगाही इथेच टाकायचा होता, त्याचं तिने नाव काढलं नाही. झगा उचलला आणि गेली.

"कशाला बोललात?" सुनेने विचारलं.

"माझं तोंड, माझी मर्जी. जेवायला वाढ."

सुनेने ताट आणलं. म्हातारीने डाव्या हाताने घास उचलला, तो पदरावर सांडला. दुसराही सांडला. तिने ताट पुढे ढकललं.

"भरव."

"डाव्याने चालेल?"

"उजवा कुठून आणणारेस? भरव म्हटलं ना."

पहिला घास विषासारखा कडू लागला. म्हातारीने तो गिळला आणि पुन्हा तोंड उघडलं.