शिंप्याची अर्धी वाटी चरबी

मी बोलतोय खरा, पण माझं म्हणणं शेवटचं धरू नका, एवढं आधीच सांगून ठेवतो. मी एक यंत्र आहे. माणसाच्या चरबीतून मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, वेगळ्या काढणं हे माझं काम.

कारखान्यात मला शिकवलं ते खात्यापित्या घरच्या, लोण्यासारख्या मऊ चरबीवर. पिशवीतली चरबी धुवायची, तिचे धागे सोडवणारं औषध घालायचं, अंगाइतक्या उबेत पाऊण तास हलवायची, मग गरगर फिरवायची. तेल वर येतं, पेशी तळाशी बसतात. शेवटी त्या मोजून पडद्यावर आकडा दाखवायचा. माणसाचा हात कुठेही लागत नाही, असं माझ्या माहितीपत्रकात तीनदा छापलंय. तीनदा का छापावं लागलं असेल, याचा मी अजून विचार करतो.

मी येण्याआधी हे सगळं या दवाखान्याच्या प्रयोगशाळेतल्या ताई हाताने करायच्या. अठरा वर्षं. मी आलो आणि त्यांच्या वाट्याला माझी बटणं उरली. तरी दर वेळी माझ्यातला एक थेंब घेऊन त्या सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजत बसायच्या.

"ताई, कॅल्क्युलेटरवर बेरीज करून पुन्हा बोटांवर मोजणाऱ्या तुम्हीच," डॉक्टर म्हणायचे.

"बोटं माझीच आहेत ना सर? वापरते."

मला ते लागायचं. मग वाटायचं, लागून घ्यायला मी कोण?

एकदा एक शिंपी आले. साखरेच्या आजारात टाचेला जखम झालेली, आठ महिने भरत नव्हती. त्यांच्याच चरबीतल्या पेशी जखमेत टोचायच्या, असा उपचार नवा होता, खात्री कुणीच देत नव्हतं. नाही जमलं तर पाऊल कापायचं, आणि त्याच पावलावर त्यांचं शिलाई मशीन चालायचं. अंगाने इतके वाळलेले की पोटावर चिमूट धरवेना. कशीबशी अर्धी वाटी चरबी निघाली.

"आई जन्मभर ओरडायची, तुझ्या अंगाला काही लागत नाही म्हणून," शेजारच्या खोलीतून त्यांचा आवाज आला. "ऐकायला हवं होतं तिचं."

"आता पुन्हा काढायला जागा नाही, काका," डॉक्टर म्हणाले.

ती अर्धी वाटी माझ्याकडे आली. सगळं झाल्यावर मी आकडा दाखवला: नव्वद लाख जिवंत पेशी. हव्या होत्या पन्नास. मी हिरवा दिवा लावला. डॉक्टरांनी सिरिंज मागितली.

"थांबा सर." ताईंनी सूक्ष्मदर्शकावरचा डोळा काढला नाही. "मला वीस लाखच दिसताहेत."

"मग काय, यंत्र खोटं बोलतंय?"

"खोटं नाही हो. तेलाचे थेंबही पेशी म्हणून मोजतंय. थेंबात घातलेल्या रंगाने मेलेली पेशी निळी पडते, जिवंत लख्ख राहते. तेलही लख्खच. पण ते वर तरंगतं, पेशी खाली बसते. फिरवा बघू हा स्क्रू, नजर खालच्या थरावर येईल."

डॉक्टरांनी फिरवला. वरचे लख्ख गोळे पुसट झाले. खाली मोजक्याच पेशी उरल्या.

"बाकीच्या गेल्या कुठे?"

ताईंनी माझी टाकाऊ मालाची पिशवी उजेडासमोर धरली. आत चिवट धाग्यांचा गुंता. "काकांची चरबी पाऊण तासात सुटलीच नाही. पेशी यातच अडकल्यात. पिशवी बंद आहे, नळीही काढलेली नाही, म्हणजे जंतू शिरलेले नाहीत. पुन्हा हलवू."

मऊ चरबीवर शिकलेल्या मला ही चिवट चरबी ओळखूच आली नव्हती. वेळ संपली की काम संपलं, एवढंच मला येत होतं.

या वेळी घड्याळ माझं नव्हतं. ताई पिशवीकडे बघत उभ्या राहिल्या. "अजून नाही... अजून नाही... हं, आता." दोन्ही वेळच्या मिळून त्यांनी मोजल्या: चौपन्न लाख. माझ्या पडद्यावर पावणेदोन कोटी आले. तिकडे कुणी पाहिलं नाही.

पाच महिन्यांनी शिंपी आले ते दोन्ही पायांत चपला घालून. जखम भरली होती. पेशींमुळे की पथ्यामुळे, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत. मी तर नाहीच सांगणार.

"म्हणजे माझी चरबी उतरवली ती याने!" मला पाहून ते म्हणाले.

ताईंनी सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. मला वाटलं, आता चिडतील. त्यांनी माझ्या झाकणावरून हात फिरवला.

"माझंही मशीन मधेच टाका सोडतं. वरून शिलाई सरळच दिसते. म्हणून मी कापड उलटून बघतो."

पुढच्या महिन्यात ताई निवृत्त होताहेत. त्यांच्या स्टुलावर कोण बसेल, मला माहीत नाही. काल त्यांनी माझ्यावर एक चिठ्ठी चिकटवली, नेमकी हिरव्या दिव्यावर. दिवा आता लागला तरी दिसत नाही.

जे कुणी याल, त्यांना माझं एवढंच सांगणं: ती चिठ्ठी काढू नका. तिच्यावर दोनच शब्द आहेत.

उलटून बघा.