भैय्याजी खाली आंघोळीला येतात

दिवाळी सरली, पहाटेचा वारा बोचायला लागला आणि बळीराम मेश्रामांनी घर बंद करायला घेतलं. बंद म्हणजे साधं बंद नव्हे. खिडक्यांच्या सरकत्या काचांमधल्या फटीत त्यांनी वर्तमानपत्राच्या सुरळ्या कोंबल्या आणि वरून चिकटपट्टी मारली. बाल्कनीच्या दाराखाली जुन्या सतरंजीची गुंडाळी लावली. न्हाणीघरात हवा बाहेर फेकणारा छोटा पंखा होता, त्याच्या तोंडावर मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा ठोकला. वीज मंडळात जन्मभर खांबावर चढून काम केलेला माणूस, हातात घेतलेलं काम कच्चं ठेवणं त्यांना जमायचंच नाही. संध्याकाळी कमरेवर हात ठेवून ते घरभर फिरले आणि म्हणाले, "आता येऊ दे कोणती थंडी येते ते!"

एवढा कडेकोट बंदोबस्त करायला कारण होतं. गेल्या हिवाळ्यात पार्वतीबाईंच्या छातीत कफ भरला आणि त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. एवढ्या वर्षांच्या संसारात बळीरामांनी बायकोला दिवसा आडवं झालेलं पाहिलं नव्हतं. तिला नाकात नळी घालून पडलेलं पाहिलं आणि ते आतून हादरले. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, थंडीपासून जपा. बळीरामांनी ते हुकूम म्हणून घेतलं.

तेव्हा ते इंदोऱ्याच्या जुन्या घरात राहत. तिथे टिनाच्या छताखालून वारा असा फिरायचा की फटी बुजवायच्या म्हटल्या तर घरच बुजवावं लागलं असतं. पुढे मुलानं, रोशननं, मानेवाड्याला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि सगळे इकडे आले. पक्क्या भिंती, काचेच्या खिडक्या. बळीरामांना वाटलं, आता पार्वतीला थंडी शिवणार नाही.

पण झालं भलतंच. डिसेंबर लागला आणि सहा तारखेला, महापरिनिर्वाण दिनाला, नेसायची पांढरी साडी काढायला पार्वतीबाईंनी कपाट उघडलं, तर आतून कुबट वास आला. साडीच्या घडीवर बारीक काळे ठिपके पडले होते. सुनेनं, मोनालीनं, कपाट जोर लावून पुढे ओढलं. मागची भिंत ओलसर होती आणि कोपऱ्यात काजळी फासावी तशी काळी बुरशी चढली होती.

"अगं बाई," मोनाली म्हणाली, "ही ओल कुठून आली?"

बळीरामांनी वर पाहिलं. त्या कोपऱ्याच्या बरोबर वर, चौथ्या मजल्यावर, भैय्याजींचं न्हाणीघर होतं.

"कुठून म्हणजे? वरून. त्या बुढ्याच्या मोरीचं पाणी मुरून राहिलं. आपली भित खाऊन टाकली त्यानं."

पार्वतीबाई साडी झटकत होत्या. झटकता झटकता त्यांना खोकला लागला. गेले काही दिवस सकाळी उठल्याबरोबर त्यांना असाच खोकला यायचा आणि दुपारी कमी व्हायचा. मोनालीनं सदर भागातल्या आपल्या बँकेत कामाला जाता जाता त्यांना दवाखान्यात नेलं, सोबत बळीरामही गेले. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि विचारलं, "घरात कुठे ओल आहे का? बुरशी वगैरे?"

बळीराम खुर्चीतून अर्धे उठले. "हाये ना मॅडम! आमच्या वरच्यानं आणली!"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की ओलीनं, बुरशीनंही असा खोकला येतो, ती आधी घालवा. बळीरामांनी पुढचं काही ऐकलं नाही. गुन्हा सिद्ध झाला होता. आता फक्त आरोपीला गाठायचं होतं.

त्याच दुपारी ते चौथ्या मजल्यावर गेले. भैय्याजींचं दार सताड उघडं होतं. खिडक्याही उघड्या होत्या आणि पडदे वाऱ्यावर नाचत होते. भैय्याजी अंगात स्वेटर, डोक्यावर कानटोपी अशा थाटात उन्हात खुर्ची टाकून संत्री सोलत बसले होते. गांधीबागेत कापडाच्या दुकानावर त्यांचा जन्म गेला. बायको गेल्यावर एकटेच राहायचे. एक मुलगी, ती रायपूरला. दारात माणूस दिसला की त्यांच्यातला दुकानदार जागा व्हायचा.

"आओ आओ बळीरामजी! बसा."

"भैय्याजी, मी गोड बोलायले नाही आलो."

"मग संत्रं खा. ते गोड आहे."

बळीरामांनी संत्रं घेतलं नाही. त्यांनी उभ्या उभ्याच सगळं सुनावलं. भिंत सांगितली, साडी सांगितली, पार्वतीबाईंचा खोकला सांगितला आणि शेवटी डॉक्टरीणबाईंची साक्षही काढली. भैय्याजींनी सगळं शांतपणे ऐकलं. खोकल्याचं नाव निघालं तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उतरला.

"वहिनींना त्रास होतो म्हणता? हे बरोबर नाही. पण बळीरामजी, माझी मोरी तर नवी आहे हो. टाइल्स बदलून साल नाही झालं."

"टाइल्सच्या खालून मुरते पाणी. तुमाले नाही दिसत."

"ठीक आहे. मग असं करू." भैय्याजींनी संत्र्याची फोड तोंडात टाकली. "मी माझी मोरी बंद करतो. नळाचा कॉक बंद, दाराला कुलूप आणि चावी तुमच्या खिशात. पाणी थांबलं की ओल सुकेल. सुकली तर मी गुन्हेगार. मिस्त्री बोलावून सगळं फोडतो."

एवढं सरळ उत्तर बळीरामांना अपेक्षित नव्हतं. त्यांचा आवाज खाली आला. "अन् तोवर आंघोळ कुठी करसान?"

"कुठी म्हणजे? तुमच्याइथी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराची बेल वाजली. दारात भैय्याजी उभे होते. खांद्यावर पंचा, हातात साबणाची डबी, काखेत धुतलेले कपडे. "नमस्कार वहिनी. गिझर लावला का?"

भैय्याजींची आंघोळ हा एक कार्यक्रम होता. त्यांना पाणी कढत लागायचं आणि भरपूर लागायचं. दोन तांबे अंगावर घेतले की भजन सुरू व्हायचं. ते शेवटच्या कडव्याला पोचेस्तोवर न्हाणीघराच्या दाराखालून वाफ बाहेर सरपटत यायची. मग ते लालबुंद होऊन बाहेर येत, आणि त्यांच्यामागून वाफेचा ढग झोपायच्या खोलीत शिरे. तिथे मोनालीनं दोरीवर वाळत घातलेले कपडे असायचे. बाल्कनीचं दार सासऱ्यांनी बुजवून टाकल्यावर बिचारी ते आणखी कुठे घालणार? एक तरी खिडकी उघडी ठेवा, असं ती दिवाळीपासून सांगत होती, पण ऐकतं कोण?

पार्वतीबाईंना हा पाहुणा आवडला. एकटा माणूस म्हणून त्यांनी पहिल्या दिवशी पोहे केले, वर चण्याची झणझणीत तर्री घातली. भैय्याजींनी ते इतक्या आवडीनं खाल्ले की दुसऱ्या दिवशीही केले. मग तो रिवाजच झाला. रोशन बुटीबोरीच्या कंपनीत पहाटेच निघून जायचा, त्यामुळे टेबलाशी त्याची रिकामी खुर्ची भैय्याजींची झाली.

बळीराम मात्र पहाऱ्यावर होते. भिंतीवरच्या ओलीच्या कडेनं त्यांनी पेन्सिलीनं रेघ मारून ठेवली होती. रोज सकाळी भैय्याजी गेले की ते कपाटामागे डोकं खुपसून बघत. ओल रेघेच्या आत सरकायला हवी होती. ती जागची हलेना. मग एका सकाळी पाहतात तर ओल रेघ ओलांडून बाहेर आलेली.

त्यांनी डोळे चोळले. बोट लावून पाहिलं. बोट ओलं झालं.

"पार्वती, इकडे ये वं! हे वाढून राहिलं!"

"मग वरचा नळ कोणी सोडला का?" पार्वतीबाईंनी विचारलं.

"चावी माह्या खिशात हाये!"

त्यांना वाटलं, भैय्याजीकडे दुसरी चावी असणार. कापडाचा दुकानदार शेवटी! टॉर्च घेऊन ते तावातावानं जिना चढले. मागून पार्वतीबाईही निघाल्या. हा माणूस वर जाऊन काही तोडून बोलेल, ही भीती त्यांना होती.

भैय्याजींनी हसत दार दाखवलं. बळीरामांनी कुलूप काढलं, टॉर्च मारला. न्हाणीघराची फरशी खडखडीत कोरडी होती. नळाखाली धूळ साचली होती आणि बादलीत एका कोळ्यानं निवांत जाळं विणलं होतं. बळीरामांनी गुडघ्यावर बसून कोपरा न् कोपरा चाचपला. भिंतीला कान लावला. शेवटी ते उठले तेव्हा हाताला निव्वळ धूळ लागली होती.

बाहेरच्या खोलीत पार्वतीबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. ऊन त्यांच्या पायांवर पडलं होतं. त्यांनी एक लांब श्वास घेतला, सोडला आणि परत घेतला.

"अवो," त्या म्हणाल्या, "इथी कसं मोकळं वाटते! आल्यापासून खोकलाच नाही आला मले."

बळीराम जिन्याकडे वळले. खाली उतरून त्यांनी आपलं दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबले. आतून एक वास आला. ओल्या टॉवेलचा, कालच्या फोडणीचा, साबणाचा, सगळा एकत्र कोंडलेला. रोज याच वासात ते उठत-बसत होते, पण वरच्या हवेतून आल्यामुळे आज तो पहिल्यांदा नाकाला लागला.

ते खोलीत गेले. खिडकीची काच आतून घामेजली होती. थेंब ओघळून खाली जमत होते आणि चिकटपट्टीखाली कोंबलेल्या वर्तमानपत्राचा भिजून लगदा झाला होता. बाहेर तर लख्ख ऊन होतं. पाण्याचा टिपूस नव्हता. म्हणजे हे पाणी आतलंच होतं. आंघोळीचं, भाताच्या वाफेचं, दोरीवरच्या कपड्यांचं. बाहेर जायला त्याला वाट नव्हती. गार भिंत सापडली की ते तिथंच बसत होतं. सगळ्यात गार कोपरा होता कपाटामागचा, ऊन-वारा कधी न लागलेला.

बळीराम पलंगाच्या कडेवर बसले. मागून येऊन पार्वतीबाई शेजारी बसल्या.

"मीच केलं वं हे," ते म्हणाले. "तुले थंडी लागू नये म्हणून घर बुजवून टाकलं, अन् त्याच घरानं तुले खोकला आणला."

"मले माहीत हाये तुमी कोणासाठी केलं ते," पार्वतीबाई म्हणाल्या. "म्हणून तर मी काही म्हटलं नाही. पण खरं सांगू का? जीव घुसमटत होता माहा."

"मंग सांगायचं ना!"

"तुमी इतक्या हौसेनं पट्ट्या मारून राहिले होते! कसं सांगू?"

बळीरामांना हसू आलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला ते उठून न्हाणीघरात गेले. पुठ्ठ्याचे खिळे त्यांनी इतके पक्के ठोकले होते की उपटताना घाम फुटला. पुठ्ठा निघाला, त्यांनी बटण दाबलं आणि पंखा घरघरत सुरू झाला.

आता अवघड काम राहिलं होतं. त्यांनी चौथा मजला गाठला आणि चावी भैय्याजींच्या हातात ठेवली.

"भैय्याजी, चूक माही हाये. ओल आमची आमीच केली. माफ करा."

भैय्याजींनी चावीकडे पाहिलं. त्यांचं तोंड एवढंसं झालं. "म्हणजे आता उद्यापासून मी वरच आंघोळ करू?"

"हाव. काहून?"

"काही नाही. पोह्यांची सवय झाली होती."

"त्यासाठी आंघोळ कायले लागते? या ना गा! पण आज मात्र हात लावा. कपाट हलवायचं हाये."

रविवार होता, मोनाली आणि रोशन दोघंही घरी होते. सगळ्यांनी मिळून घर उलटं केलं. पट्ट्या खरवडल्या, सतरंजीची गुंडाळी फेकली. समोरासमोरच्या खिडक्या उघडल्याबरोबर वारा आरपार गेला आणि दिनदर्शिका भिंतीवर फडफडली. गाद्या गच्चीवर उन्हात टाकल्या. रोशननं तोंडाला रुमाल बांधून भिंतीची बुरशी ओल्या कापडानं घासून काढली, मग भिंत कोरडी पुसून घेतली. भैय्याजींनी कपाटाला खांदा लावला आणि ते भिंतीपासून हातभर पुढे आणून ठेवलं. पांढरी साडी पार्वतीबाईंनी लिंबू-साबण लावून उन्हात घातली. ठिपके पार गेले नाहीत, फिके झाले. "पदराखाली झाकून जातील," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर बळीरामांनी खिडक्या लावल्या, पण नुसत्या लावल्या. वरची एक छोटी झडप उघडीच ठेवली. पार्वतीबाईंना गोधडी दिली, पायांत मोजे घातले. "थंडी अंगावर नको येऊ द्यायची," ते मोनालीला समजावत होते, "पण हवा तर फिरली पाहिजे ना?" मोनालीनं मान खाली घालून हसू दाबलं. हेच ती दिवाळीपासून सांगत होती.

भिंत लगेच सुकली नाही. सुकायला संक्रांत उजाडली. खोकला त्याआधीच उणावला, आणि डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावून "छान" म्हटलं तेव्हा बळीरामांना स्वतःच पास झाल्यासारखं वाटलं.

त्यानंतर सबंध बिल्डिंगला मात्र त्यांचा ताप सुरू झाला. संक्रांतीला चारुलताबाईंकडे, दुसऱ्या मजल्यावर, ते तिळगूळ द्यायला गेले, तर घर चहूबाजूंनी बंद आणि दिवाणखान्यात दोरीवर चादरी वाळत घातलेल्या. बळीरामांनी वाटी टेबलावर ठेवली, चष्मा सारखा केला आणि भिंतीच्या कोपऱ्यांत डोकावायला लागले.

"काय शोधता बळीरामजी?" चारुलताबाई गोंधळल्या.

"जरा कपाट पुढं घेता का?"

"कपाट? आत्ता? अहो, सणाचा दिवस!"

"सणाचा दिवस हाये म्हणूनच तर म्हणतो." एवढ्यात त्यांनी खिडकीची कडी काढलीसुद्धा. ऊन चादरींवर पसरलं, वारा आत आला आणि तिळगुळाच्या वाटीवरचा कागद उडून पार सोफ्याखाली गेला. चारुलताबाई शाल गुंडाळत ओरडल्या, "थंडी, थंडी!" आणि सोबत येऊन जिन्यातच थांबलेले भैय्याजी पोट धरून हसायला लागले.