काचेआडचा तो एक कागद

मित्रांनो, एका चार मजली इमारतीच्या जिन्याखाली टांगलेला मी एक जुना सूचनाफलक आहे. सुताराने मला जाड फळीतून घडवलं, पुढे काच बसवली आणि कुलूप लावलं. किल्ली सेक्रेटरीकाकांकडे असते. पाणी कधी जाणार, टाकी कधी धुणार, सगळं लोक माझ्यावरच वाचायचे. "बोर्डावर लागलंय, म्हणजे खरंच असणार," असं म्हणायचे. मला केवढा अभिमान वाटायचा!

एका सोमवारी काकांनी टाइप केलेला कागद लावला. तो वाचून मी हादरलोच! 'तळमजल्यावरील पाळणाघरात मुलांना गुंगीचे औषध देऊन झोपवतात. पालकांनी सावध राहावे.' खाली सही आणि शिक्का. बाप रे! रडणाऱ्या पोराला कडेवर घेऊन पाळणाघराच्या ज्या मावशी माझ्यापुढे फेऱ्या मारायच्या, त्यांच्याबद्दल हे? लोकांनी पटापट मोबाइलवर फोटो काढले. शुक्रवारपर्यंत पाळणाघरात अकरापैकी एकही मूल उरलं नाही.

खरी गोष्ट नंतर कळली. एका आईनेच बाळाच्या पिशवीत खोकल्याचं औषध ठेवलं होतं, वेळ लिहून. मावशी ते पाजत असताना कुणीतरी पाहिलं आणि काकांचे कान भरले. परगावी गेलेली ती आई परत आली, कागद वाचला आणि तिने कपाळावर हात मारून घेतला.

ती तडक तिसऱ्या मजल्यावरच्या वकीलताईंकडे गेली. ताईंनी काकांना माझ्यापुढे आणून उभं केलं.

"काका, याला कायद्यात लायबल म्हणतात."

"म्हणजे?"

"खोटं लिहून, चारचौघांना दाखवून केलेली बदनामी. मावशी कोर्टात जाऊ शकतात."

"पण मी नाव कुठे लिहिलंय?"

"इमारतीत पाळणाघर एकच आहे ना? कुणाबद्दल लिहिलंय ते कळलं, की झालं."

"अहो, मी ऐकलं तेच लिहिलं!"

"ऐकलेलं असू दे. सही तुमची आहे."

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. मला तर काच फुटावी असं वाटलं. एवढं मोठं पाप माझ्या अंगावर मिरवलं होतं मी!

दुसऱ्या दिवशी माफीचा कागद लागला. त्याचा फोटो कुणीच काढला नाही. मावशींनी मात्र तो दोनदा वाचला.

"कोर्टबिर्ट काही नको मला," त्या काकांना म्हणाल्या. "माझी पोरं परत येतील का, तेवढं सांगा."

दोन मुलं आली, बाकीची नाहीच. महिनाअखेर पाळणाघर बंद झालं.

मित्रांनो, कळकळीने सांगतो, कुणाबद्दल वाईट लिहिण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा. मावशींचं दार माझ्यापासून दहा पावलांवर होतं. काकांनी ते वाजवलंच नाही.