दोनदा आलेले फोटो

स्टोअररूममध्ये रिकाम्या खोक्यावर बसून, एका हाताने छातीला पंप धरून, दुसऱ्या हाताने मी पालक संघाच्या खात्यावरून सभेची नोटीस मेल केली. मोबाइलवर लाल पट्टी आली. पाठवण्याची मर्यादा संपली आहे, चोवीस तासांनी पुन्हा प्रयत्न करा.

आमच्या कंपनीत चष्म्याच्या काचा बनतात. मी ऑर्डरी तपासते, आणि दूध काढायला मला ही खोली दिली आहे. दाराला कडी नाही, म्हणून आतून काचांचं एक जड खोकं लावून बसते. त्या दिवशी मी तशीच बसून राहिले, बाटली भरून वर आली तरी. चोवीस तासांनंतर काय कपाळ पाठवणार? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तर सभाच होती, आणि सभेची नोटीस आदल्या दिवशी सगळ्या पालकांना मेलने मिळालीच पाहिजे असा आमच्या पाळणाघराचा नियम आहे. एकालाही मिळाली नाही तर सभा रद्द, आणि निर्णय कार्यकारिणीचा.

हे पाळणाघर आम्ही पालकच चालवतो. वरच्या मजल्यावर बालवाडी, खाली तान्ह्यांची एक खोली. बालवाडीचे वर्ग भरून वाहतात, म्हणून तान्ह्यांची खोली बंद करून तिथे मोठ्या मुलांना बसवायचं, असा ठराव आला होता. माझं बाळ नऊ महिन्यांचं. खोली गेली की माझी नोकरी गेली. सासूबाईंनी आपले गुडघे पुढे करून आधीच सांगून टाकलं होतं की मूल उचलणं त्यांना झेपणार नाही. नवरा म्हणाला होता, वर्षभर घरी राहिलीस तर काय आभाळ कोसळणार आहे? आभाळ त्याच्या डोक्यावर नव्हतंच कोसळणार, त्यामुळे त्याचंही बरोबर होतं.

ठराव आणला होता जुळ्यांच्या आईने. ती आमची खजिनदार, मी सचिव. कार्यकारिणीतले पाचपैकी तिघे तिच्या खिशात. म्हणजे सभा झाली तर आम्हाला थोडीफार आशा, नाही झाली तर खोली बंदच.

मी दादाला फोन लावला. माझा भाऊ कंपन्यांच्या मेल सांभाळायच्या कामात आहे. त्याने आधी विचारलं, आज त्या खात्यावरून आणखी काय गेलंय? मी म्हटलं, काही नाही, मी तर आत्ता पहिलीच मेल पाठवतेय. तो म्हणाला, मेल मोजत नाहीत वेडे, पत्ते मोजतात. एक मेल दोनशे जणांना गेली की दोनशे झाले. जरा पाठवलेल्या मेल उघडून बघ.

मी बघितल्या. सकाळी आठला सगळ्या पालकांना क्रीडादिनाचे फोटो. आईच्या पत्त्यावर एकदा, बाबांच्या पत्त्यावर एकदा. साडेआठला पुन्हा फोटो, वर एक ओळ, 'आधीच्या मेलमध्ये चूक होती, क्षमस्व.' मी दोन्ही मेल शेजारी शेजारी उघडून एकेक फोटो ताडून पाहिला. तेच फोटो, त्याच क्रमाने. पहिल्या फोटोतला लिंबू-चमचावाला मुलगा दोन्हीकडे सारखाच डोळे मिटून उभा. खात्याचा पासवर्ड दोघींकडेच होता, तिच्याकडे आणि माझ्याकडे. दिवसाचे पाचशे पत्ते त्यात जवळजवळ संपले होते. माझी नोटीस यादीतल्या पहिल्या वीसेक जणांना गेली आणि अडकली.

जुळ्यांची आई फर्निचरच्या दुकानात नोकरी करते आणि दिवसभर गिऱ्हाइकांना सेलच्या मेल पाठवते. तिला लिमिट माहीत नाही म्हणजे दूधवाल्याला पाणी माहीत नाही. तरी मी फोन करून विचारलं.

"असं काही लिमिट असतं का?" ती म्हणाली. "मला बाई यातलं काही कळत नाही. तुम्ही सचिव, तुम्ही वेळेत पाठवायची ना नोटीस."

नोटिशीचा मजकूर अध्यक्षांनी त्या दिवशी दुपारी मंजूर केला होता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ते कार्यकारिणीच्या गटातच आलं होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण मी एवढंच म्हटलं की फोटो छान आले आहेत. ती म्हणाली, हो ना.

मग मी मूर्खपणा केला. दादा सांगत होता की स्वतःच्या खात्यावरून एकदम पाठवू नकोस, तरी घाई नडली. सगळे पत्ते चिकटवले आणि पाठव दाबलं. दोन मिनिटांत माझं खातंही बंद. संशयास्पद हालचाल म्हणे. दादा म्हणाला, अगं अनोळखी शेकडो लोकांना अचानक कोण लिहितं, तर चोर. आता एकच रस्ता. दहा-बारा माणसं धर आणि प्रत्येकाला आपापल्या खात्यावरून थोड्या थोड्या पत्त्यांवर पाठवायला सांग.

साहेबांकडे अर्धी रजा मागितली. त्यांनी मान वर न करता सांगितलं की बाळ झाल्यापासूनची ही चौथी, पाचवी मागायला आलात तर राजीनामाच घेऊन या. मी बाटली पिशवीत घातली आणि निघाले.

मुलांना न्यायच्या वेळी पाळणाघराच्या पायऱ्यांवर नुसता कोलाहल असतो. एका पायात बूट, दुसरा सापडत नाही, कुणाचा डबा सांडलेला. त्या गर्दीत बाळाला कडेवर घेऊन मी एकेकाला अडवायला लागले. ही नोटीस, हे वीस पत्ते, आत्ता इथे माझ्यासमोर पाठवा. लोकांनी माझ्याकडे वर्गणी मागणाऱ्याकडे बघतात तसं बघितलं. एक बाबा म्हणाले, तुमच्या बाळासाठी माझ्या मेलची वाट लावू? एका आईने विचारलं, खोली राहिली तर माझ्या मुलाला वर श्वास घ्यायला जागा कोण देणार? मी म्हटलं, ते उद्या सभेत विचारा, पण त्यासाठी सभा व्हायला हवी. ती पुटपुटत का होईना, पाठवून गेली. आतून तान्ह्यांना सांभाळणाऱ्या मावशी आल्या आणि त्यांनी आपला जुना फोन पुढे केला, मेल कशी पाठवतात ते दाखवा म्हणून. मी त्यांना चार पत्ते दिले.

शेवटी जुळ्यांची आई आली. दोन्ही मुलींच्या वेण्या एकसारख्या. तिने काय चाललंय ते पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली की दारात भीक मागून वाटलेली नोटीस नोटीस होत नाही.

"मग कशी होते?" मी विचारलं. "दोनदा फोटो पाठवून?"

 ती मुलींचे हात धरून उतरून गेली.

सभेला खुर्च्या कमी पडल्या. मुलांच्या छोट्या खुर्च्यांवर मोठमोठे बाबा गुडघे छातीला लावून बसले होते. अध्यक्ष दातांचे डॉक्टर, आवाज कायम समोरचा माणूस तोंड उघडून बसल्यासारखा हळू. जुळ्यांच्या आईने उभं राहून सांगितलं की नोटीस पालक संघाच्या खात्यावरून सगळ्यांना गेलेली नाही, सबब सभा रद्द करावी. डॉक्टरांनी विचारलं, नोटीस कुणाला मिळाली नाही? कुणीच हात वर केला नाही. ती म्हणाली, ज्यांना मिळाली नाही ते इथे येतीलच कशाला? लोक हसले, आणि तिचं म्हणणं पटतंय असंही मला त्यांच्या तोंडांवर दिसलं.

मी उभी राहिले. काल सकाळी फोटो दोनदा कुणाकुणाला आले, असं विचारलं. सगळ्यांचे हात वर गेले. दोन्हींत फरक कुणाला दिसला? मागून एक आजोबा म्हणाले, मी दोनदा डोळे पुसून पाहिलं, मला नाही दिसला. मग मी लिमिट म्हणजे काय ते सांगितलं. तिने नाकारलं असतं तर मला जड गेलं असतं, कारण हातात पुरावा काय होता? पण ती नाकारायच्या भानगडीत पडली नाही.

"हो, मुद्दाम पाठवले," ती म्हणाली. "वरच्या वर्गात एका खोलीत तीस मुलं बसतात. माझ्या दोघींतली धाकटी गर्दीत पडली, तिच्या हनुवटीला टाके पडले. तेव्हा तुम्ही किती जणांना मेल केलीत, सचिव?"

 मी तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर होते, पण ते उत्तर नव्हतं.

मत झालं. तान्ह्यांची खोली नऊ मतांच्या फरकाने राहिली. वरच्या वर्गासाठी शेजारची जागा बघायची असंही ठरलं, पण ते कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही. खुर्च्या उचलताना दोन आयांनी माझ्याकडे पाठ करून बोलणं चालू ठेवलं. नवऱ्याने घरी विचारलं, झालं ना तुझ्या मनासारखं? मी हो म्हटलं.

सकाळी बाळाला घेऊन गेले तर तान्ह्यांच्या खोलीच्या दारात जुळ्यांची आई उभी, अंगावर पाळणाघराचा निळा एप्रन. मावशींच्या हाताखाली रोज एका पालकाने थांबायचं असतं, आणि आज पाळी तिची होती. मावशी तापाने आल्या नव्हत्या. बदली बाई दुपारी येणार होत्या. तोवर सहा तान्ही आणि ती.

तिने हात पुढे केले. सराईत हात, एक बाळाच्या मानेखाली, एक कमरेला. दोन मुलं एकदम वाढवलेली बाई.

"दूध कधी?" तिने विचारलं.

"साडेदहाला. कोमट करून."

"माझ्यावर भरवसा ठेवा, असं मी म्हणणार नाही."

"मी ठेवणारही नाही," मी म्हटलं, आणि बाळ तिच्या हातात दिलं. ते रडलं नाही. तिच्या कानातली रिंग ओढायला लागलं.

मी बाहेर फुटपाथवर आले आणि खिडकीशी थांबले. काचेतून दिसत होतं. तिने त्याला गादीवर ठेवलं, दुसऱ्या एका बाळाचं नाक पुसलं, मग वर पाहिलं. आमची नजरानजर झाली. ती उठली आणि तिने खिडकीचा पडदा ओढून घेतला. सकाळचे नऊ वाजले होते, ही कुणाची झोपायची वेळ नव्हती.

बस कोपऱ्यावर वळताना दिसत होती. मी साहेबांना फोन लावून सांगितलं की मला आज उशीर होईल, कदाचित पाचवी रजाच लागेल. ते काय म्हणाले ते पूर्ण ऐकून न घेता फोन पिशवीत टाकला आणि दाराची बेल दाबली.