एक गाणं, एक बातमी आणि मी

हसू नका हं मित्रांनो! मी एक जुना मोडेम आहे, आणि बोलायला लागलो की आधी किंचाळतो. ट्यँऽ-टुंग-टुंग-खर्रर्र! लोक कानांवर हात ठेवायचे. पण टेलिफोनच्या तारेतून कॉम्प्युटरला जगाशी बोलायला लावणं म्हणजे काय गंमत आहे का? घसा साफ करावाच लागतो.

माझा जन्म तैवानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथून खोक्यात बसून मी समुद्रापलीकडे कुवेतला आलो. सत्त्याण्णव सालच्या एका रणरणत्या दुपारी राजनरावांनी मला विकत घेतलं आणि फहाहीलच्या आपल्या घरी नेलं. ते मूळचे नाशिकचे, तेल कंपनीत इंजिनिअर. त्यांना मी ऑफिसच्या कामासाठी हवा होतो. पण माझी खरी कदर केली ती त्यांच्या बायकोने, सरोजिनीताईंनी.

सरोजिनीताईंना दोन वेडं होती, गाण्याचं आणि बातम्यांचं. बाजारात मुस्तफाभाईंचं कॅसेटचं दुकान होतं. त्यांची बायको नूरबानू रत्नागिरीची. नवीन मालात काही खास सापडलं की ती कॅसेट पदराआड घेऊन थेट आमच्याकडे यायची. "सरोजिनी, ह्या ऐक, वेडी होशील!" मग दोघी टेपरेकॉर्डरची वायर कॉम्प्युटरला जोडत आणि गाण्याचा आवडता तुकडा उतरवून घेत. खाली सरोजिनीताई त्या आठवड्याची एक ठळक बातमी आपल्या शब्दांत लिहीत. कधी दिल्लीची, कधी मुंबईची, कधी इथल्या संसदेची. गुरुवारी संध्याकाळी ती मेल मराठी मंडळाच्या घराघरांत जायची. नाव ठेवलं होतं, 'एक गाणं, एक बातमी'.

काय सांगू तो थाट! माझे लाल दिवे लुकलुकायचे, गाणं इंचाइंचाने तारेत सरकायचं आणि सरोजिनीताई माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायच्या, "चल रे राजा, अडकू नकोस." मी अडकायचो कधीकधी, खोटं कशाला बोलू? पण पोचवायचोच. शुक्रवारी सकाळी फोन सुरू. अमक्याला गाणं आवडलं, तमक्याला बातमी पटली नाही, कोणी वाद घालतंय, कोणी दुसरं गाणं सुचवतंय. परक्या वाळवंटात एवढी माणसं एकमेकांशी बोलत होती आणि मधे मी होतो. माझी छाती फुगायची, आता मला छाती नाही ती गोष्ट वेगळी.

पण दोन हजार पाच साली माशी शिंकली. मंडळाचे अध्यक्ष लक्ष्मीकांतराव. माणूस सज्जन, पण भित्रा. त्यांचं म्हणणं, गाणी पाठवा, हवी तितकी पाठवा, पण बातम्या कशाला? आपण इथे पोटासाठी आलोय, उद्या कोणाच्या व्हिसावर आलं तर? शिवाय गाणं उतरवताना फोन तासभर अडकतो, ही तक्रार होतीच. ठरलं, की पुढच्या शुक्रवारी सभेत मत घेऊन मेल बंद करायची. मंडळाचा रिवाज होता, एक घर एक मत, आणि हात वर करायचा तो घरातल्या पुरुषाने. म्हणजे ज्यांची मेल त्या सरोजिनीताईंनाच मत नाही! राजनरावांनी तर आधीच सांगून टाकलं होतं, नोकरीचा प्रश्न आहे, मी बंद करण्याच्या बाजूने. त्या दिवशी सरोजिनीताई माझ्यावरची धूळ पुसत कितीतरी वेळ बसून राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

आणि त्याच आठवड्यात सोमवारी बातमी आली. कुवेतच्या बायकांना मताचा हक्क मिळाला! इथल्या संसदेने कायदा केला! नूरबानू धावत जिना चढून आली. हातात कॅसेट, लग्नघरातल्या कुवेती बायकांनी डफ वाजवत म्हटलेल्या गाण्याची. सरोजिनीताईंनी गुरुवारची वाटसुद्धा पाहिली नाही. शेवटची मेल तर शेवटची, म्हणाल्या, आणि गाणं नि बातमी माझ्या हवाली केली. त्या दिवशी मी एकदाही अडकलो नाही, मित्रांनो. एकदाही नाही!

शुक्रवारची सभा आमच्याच घरी होती. पुरुष सोफ्यावर, बायका आत साबुदाणावडे तळतायत. मी टेबलावरून सगळं बघत होतो. लक्ष्मीकांतराव म्हणाले, मेल बंद करावी असं वाटणाऱ्यांनी हात वर करा. हात भराभर वर गेले. राजनरावांचाही गेला, जरा अवघडून. मग रिवाजापुरतं लक्ष्मीकांतरावांनी विचारलं, बंद करू नये असं कोणाला वाटतं?

लक्ष्मीकांतरावांची बायको नर्मदाताई वड्यांचं ताट घेऊन दारात आली होती. तिने ताट खाली ठेवलं आणि हात वर केला.

"अगं, आपल्या घराचं मत झालं," लक्ष्मीकांतराव म्हणाले.

"तुमचं झालं," नर्मदाताई म्हणाली. "माझं राहिलंय."

मग तिच्यामागे दुसरा हात, तिसरा, सगळं स्वयंपाकघर हात वर करून बाहेर आलं, कोणाच्या हाताला साबुदाणा, कोणाच्या हातात झारा. नूरबानू तर मंडळाची सभासदही नव्हती, पण तिचाही हात वर! कोणी हरकत घेतली नाही. राजनरावांनी सरोजिनीताईंकडे पाहिलं आणि आपला हात हळूच खाली घेतला. तो त्यांनी पुन्हा वर केला, या वेळी बायकोच्या बाजूने. लक्ष्मीकांतराव वडा उचलून म्हणाले, "चालू ठेवा मग. पण फोन जरा मोकळा सोडत जा, बाई."

पुढच्या मेलमध्ये बातमी आमच्या मंडळाचीच होती.

त्यानंतर झपाट्याने धावणारं इंटरनेट आलं. माझी तार निघाली, दिवे विझले, मी माळ्यावर गेलो. फहाहील सोडून एगैलाच्या नव्या घरी जाताना अडगळीचं खोकं अम्गराच्या भंगारबाजारात निघालं होतं. त्यात मीही होतो. पण दारातल्या टेम्पोपाशी राजनरावांनी मला बाहेर काढलं, शर्टाच्या बाहीने पुसलं आणि म्हणाले, "हा राहू दे. याने माझा हात खाली आणला होता."

आता मी त्यांच्या कपाटात असतो. मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखा एखादा म्हातारा पडला असेल. त्याला टाकण्याआधी एकदा पुसा, त्याने काय काय पोचवलं ते कोणाला तरी विचारा. आणि हो, घरात काही ठरलं, सगळ्यांचं बोलून झालं असं वाटलं, की एकदा स्वयंपाकघराकडेही बघा. तिथे कोणाचं तरी राहिलेलं असतं.