एवढा आवाज राहू दे

अग्रलेखाच्या तिसऱ्या ओळीवर त्याने पेपर खाली ठेवला.

"का गं थांबलीस?" बाबांनी विचारलं.

"थांबलो. सोमवारी हार्मोनचं पहिलं इंजेक्शन घेतोय, बाबा."

काचबिंदूने बाबांची दृष्टी गेली त्याला सहा वर्षं झाली होती. त्याआधी तीस वर्षं त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली. अजूनही वाचणाऱ्याच्या तोंडून ऱ्हस्वदीर्घाची चूक पकडायचे. मुलीने केस कापले, शर्ट घालायला सुरुवात केली, यातलं काहीच त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांच्यापाशी उरला होता फक्त आवाज, आणि तो मुलीचा होता.

त्यापायीच तो थांबला होता. आधी आईचं आजारपण, मग बाबांचं ऑपरेशन. डॉक्टरबाई दर खेपेला बजावत, घाई नाही, पण उतरलेला आवाज पुन्हा चढत नाही. गेल्या आठवड्यात मात्र त्यांनी विचारलं, "तुम्ही नक्की कशाची वाट बघताय?"

बाबांच्या जाण्याची, असं ओठांवर आलं आणि तो हादरला. उठण्याआधीच त्याने तारीख घेतली.

"मी मेल्यावर घे की," बाबा म्हणाले. "राहिलेत किती दिवस?"

"ते मोजायला नकोत म्हणूनच."

बाबांनी खाली ठेवलेला पेपर चाचपला.

"नाव बदललंस, मी चकार शब्द काढला? एवढा आवाज राहू दे."

"नाही जमणार, बाबा."

"बरं. मग सोमवारपर्यंत वाच."

त्याने घसा बसेपर्यंत वाचलं. अग्रलेख, निविदा, छोट्या जाहिराती, हवामानसुद्धा. बाबा मध्येच "शाबास" म्हणत. आपल्याला समजून घेतलं, असं वाटून त्याला भरून आलं.

तीन महिन्यांनी आवाज फाटला, मग खाली उतरला. एका सकाळी पेपर घेऊन तो बाबांच्या खोलीत गेला. आत कोणीतरी वाचत होतं. बाबांच्या मांडीवरच्या फोनमधून त्याचाच जुना आवाज येत होता, त्या सोमवारच्या आधीच्या निविदा, एकामागून एक.

"बाबा, आजचा वाचू?"

बाबांनी मान वळवली नाही.

"जरा हळू बोला," ते म्हणाले. "मुलगी वाचतेय माझी."

तो समोरच्या खुर्चीत बसला. पेपर उघडला आणि मनातल्या मनात वाचू लागला.