अंबुबाईच्या पोटातली नळी

मंठाळच्या तिप्पण्णा महाराजानं एका बाईच्या पोटावर हळद चोळलेला पिवळा पंचा ठेवला, वर तांब्यातलं तीर्थ शिंपडलं आणि पंचा लाल झाला.

“आलं बघा गाठीचं रगत! ना चाकू, ना टाका!”

मांडवातल्या बाया हात जोडून रडायल्या. पुढचा नंबर माझ्या मायचा, अंबुबाईचा होता.

मला काहीच वाटत नव्हतं. कलबुर्गीच्या दवाखान्यात मायच्या आतड्यातली कॅन्सरची गाठ काढून बारा दिवस झाले होते. रडायचं होतं ते तिथंच संपलं. कडेवर माझी आठ महिन्यांची लेक धना, दुसऱ्या हाताला माय. मायच्या पोटातून एक नळी निघालेली, टोकाला मुठीएवढा प्लास्टिकचा फुगा. आत साचणारं पाणी-रक्त त्यात उतरायचं, मी रोज रिकामा करायची. आधी लाल, मग गुलाबी, आता पिवळसर, दोन चमचे. सोमवारी डॉक्टर बघून नळी काढणार होते.

पण आमचं घराणं मेंढरं राखणारं. मेंढराचं गळू फोडलं की भरपूर वाहिलं पाहिजे, तरच ते जगतं, हे माझ्या थोरल्या भावाच्या, नागराजअण्णाच्या डोक्यात पक्कं.

“वाहायचं थांबलंय, रेणू. म्हणजे आतच तुंबलंय,” म्हणत त्यानं आम्हाला इथं आणलं.

महाराजानं फुगा हातात घेतला. “अक्का, ही नळी न्हाई, जळू हाय! दवाखान्यानं चिकटवून धाडलीय. आधी उपटतो, मग पंचा ठेवतो.”

“उपटा, महाराज,” माय म्हणाली. “लई दमले मी.”

नळी कातडीला टाक्यानं शिवलेली होती. त्यानं ओढ दिली, मायचे डोळे पांढरे झाले.

शेजारी सकाळपासूनच्या लाल पंच्यांचा ढीग होता. त्यावर एक माशी नव्हती. रगताचा वास न्हाई, माशी न्हाई? आणि हा लाल रंग तर मी रोज बघते. धनाला हळद-तेल लावून पुसलेलं फडकं साबणात भिजवलं की असाच होतो.

मी त्याचं मनगट धरलं. “हात काढा.”

“कामून?”

धनाचं हळदीनं पिवळं पडलेलं दुपटं मी त्याच्या तांब्यात बुडवलं. वर काढलं तर लाल.

“महाराज, माझ्या लेकराला पण गाठ हाय का?”

मागं कुणीतरी फिसकन हसलं. रांगेतल्या पान खाणाऱ्या सिद्धव्वानं तांब्यात बोट घालून जिभेला लावलं. “अगं, ही चुन्याची निवळी हाय की!”

“देवाची थट्टा करायलीस!” महाराज ओरडला, पण नळी सोडून. मी मायला उठवून नळीसकट घरी आणलं.

सोमवारी अण्णानंच डॉक्टरांना विचारलं, “वाहणं कमी झालं तर बरं कसं?”

“आतली जखम भरून यायलीय म्हणून. सगळ्यांना नळी लागते असं न्हाई. ह्यांना लागली, आता तिचं काम संपलं. पण वेळेआधी उपटली असती तर आत पाणी साचून पू होऊ शकला असता.”

डॉक्टरांनी टाका कापून नळी काढली.

माय पुरती बरी होईल का? डॉक्टर म्हणाले, अजून सांगता येत न्हाई. मला ते ऐकून रडू आलं न्हाई, पण खोटं तरी न्हाई वाटलं. बायांनो, हळद आणि चुना तुमच्याही घरात हाय. हात जोडायच्या आधी एकदा कालवून बघा. आणि पोटातली नळी कधी काढायची, ते ज्यानं घातली त्यालाच विचारा, दहादा विचारा.